नेफातली पाणचक्की

पद्माकर नानांना काहीही विचारा. हवामान विचारा, नाहीतर सिंगापुरातल्या बेडोकच्या मार्केटात ताजी मासळी कधी येते ते विचारा. तिसऱ्या वाक्याला स्वारी नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, पोचलेली असायची. “सहासष्ट साली...” म्हणत ते खुर्चीत सरसावून बसले, की मुलगी विभा हळूच भाजी चिरायला उठायची.

सरहद्दीवर सरकारने निवृत्त जवानांची नवी वसाहत वसवली होती. चाळीस घरं, रस्ता नाही, रेशन विमानातून पडणार, आणि मका दळायचा तो हाताने. तिथे पंचवीस वर्षांच्या डिप्लोमावाल्या पद्माकरने ओढ्यावर पाणचक्की बसवली. एकट्याने! हा ‘एकट्याने’ नाना असा काही उच्चारायचे, की काय बिशाद कुणी मान डोलावणार नाही!

पण खोटं कशाला बोला, ऐकायला गोडही वाटायचं. थंडीत दळणाला आलेल्या बाया चक्कीच्या झोपडीत अंग चोरून बसायच्या, पिठात हात खुपसून ऊब घ्यायच्या, गाणी म्हणायच्या. हे सांगताना नानांचे डोळे भरून यायचे. विभाच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना त्या ओढ्याची फार आठवण यायची.

दोन हजार चौदा साली नात जाई बारा वर्षांची होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने पाणचक्की करायची ठरवली. नानांना अगदी आकाश ठेंगणं झालं!

प्लास्टिकच्या चमच्यांचं आडवं चाक, त्याच्या उभ्या दांड्यावर सिमेंटच्या दोन चकत्या, आणि किचनच्या नळाला लावलेली नळी. वरून मूठभर डाळं घातलं. चकती गरगरली आणि अडकली.

“पाणी वाढव,” नाना म्हणाले.

वाढवलं. पुन्हा अडकली.

“अगं, आणखी वाढव!”

दोन चमचे मोडून उडाले, ओटा भिजला, आणि जाई रडकुंडीला येऊन सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. “आजोबा, कान्ट लाह! टुमॉरो इज द एक्झिबिशन!”

मग नानांनी नळ निम्मा बंद केला. नवे चमचे बसवले. चकत्या काढल्या, स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांवर मधून कडेकडे रेघा कोरल्या. मध्याला खोल, कडेला उथळ. दांड्याच्या टोकाखाली मेट्रोच्या जुन्या एमआरटी कार्डाचा तुकडा सरकवून वरची चकती केसभर उचलली. पुन्हा डाळं घातलं. चाक संथ फिरू लागलं आणि कडेने बारीक पिवळं पीठ झरायला लागलं.

“आजोबा, यू आर अ जीनियस!” जाईने त्यांच्या गळ्यात उडी मारली आणि लगेच मार्करने प्रदर्शनाच्या तक्त्यावर इंग्रजीत ठळक लिहिलं, की ही माझ्या आजोबांची पद्धत.

पोरगी किती कौतुकाने बघत होती! गप्प बसले असते, तर ते कौतुक जन्मभर त्यांचंच होतं. पण तो तक्ता उद्या सगळी शाळा वाचणार होती.

“खोड ते,” ते म्हणाले. “माझी चक्की चाललीच नव्हती गं. पीठ जळकं यायचं, आणि मी आपला पाणी वाढवा म्हणून ओरडत होतो. चौथ्या दिवशी वसाहतीतल्या सुभेदारांची बायको आली. डोंगरातली बाई, माहेरी पाणचक्की. तिने मला बाजूला सारलं, फळी घालून निम्मं पाणी तोडलं, आणि छिन्नी घेऊन दोन दिवस दगडांना टाकी लावत, रेघा कोरत बसली. मग पीठ आलं. वरचे साहेब बघायला आले तेव्हा ती घरी भाकऱ्या भाजत होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.”

जाईने ओळ खोडली आणि विचारलं, “व्हॉट्स हर नेम?”

“भाभी.”

“दॅट्स नॉट अ नेम, आजोबा. रिअल नेम?”

नाना आठवू लागले. सुभेदारांचं नाव आठवलं. त्यांच्या कुत्र्याचंही आठवलं.

“मी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले. बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “दोन वर्षं तिच्या हातचं जेवलो.”

जाईने मार्कर तसाच हातात धरला होता.

“टू इयर्स, आजोबा?”