सव्वीस जानेवारीची गाठ

आमच्या मोहल्ल्याला माणूस मेल्यावर फार प्रेम येतं. हवालदारकाका गेले तेव्हा पार जरीपटका वस्तीच्या रस्त्यापर्यंत माणसं उभी होती आणि शोकसभेत जो बोलायला उठला तो रडला. मीही रडले. माझ्या रडण्याचं कारण वेगळं होतं, ते आज लिहून टाकते.

काका फौजेतले. पासष्टच्या लढाईत डाव्या हाताची तीन बोटं गेली, मग पेन्शनीत निघून ते आमच्याकडे राहायला आले. कोणाच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या की रिक्षा काकांनी आणायची. रेशनकार्ड हरवलं की अर्ज काकांनी लिहायचा. पोरांना सकाळी मैदानावर पळवून पळवून त्यांनी चौघांना कामठीच्या फौजभरतीत पास करवलं. लोक हे सगळं हक्कानं करून घेत. त्यांनी स्वतःसाठी एकच काम राखून ठेवलं होतं. सव्वीस जानेवारीचा झेंडा तेच बांधत.

झेंड्याची घडी घालायची, आत पाकळ्या ठेवायच्या आणि दोरीची गाठ अशी मारायची की खालून एका झटक्यात ती सुटावी. काका उरलेल्या बोटांनी आणि दातांनी ती गाठ मारत. कोणी मदतीला आलं तर म्हणत, "राहू दे गा. एवढं तरी येते मले." त्या गाठीत त्यांची इभ्रत होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा मोहल्ल्याच्या बालवाडीत शिकवायचे. फुलं आणायचं काम माझ्याकडे. काका दर वर्षी बजावत, "मूठभरच टाक वं पोरी. झेंडा उलगडला पाहिजे, त्याले हार नाही घालायचा."

त्या वर्षी निवडणूक तोंडावर होती. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी, ज्यांचं सीताबर्डीवर कापडाचं दुकान होतं, एका पुढाऱ्याला झेंड्यासाठी बोलावलं. सोबत फोटोवाला. काका झेंडा बांधून कोट घालायला घरी गेले, तेवढ्यात अध्यक्ष माझ्याजवळ आले. "बाई, एवढ्याशा पाकळ्यांनी काय होते? पाव्हण्यांच्या डोक्यावर फुलं पडली पाहिजेत. सोडा अन् भरा अजून." मी झेंडा सोडला, अर्धी टोपली झेंडू कोंबला आणि कपड्यांचं गाठोडं बांधतात तशी करकचून गाठ मारली. मला वाटलं, घट्ट बांधलं म्हणजे चांगलं बांधलं.

काका कोटावर पदकं लावून आले तेव्हा पाव्हणे येऊन उभे होते, म्हणून गाठ न तपासताच त्यांनी झेंडा वर चढवला. पुढाऱ्यानं दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. पोरं खिदळायला लागली, फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "हवालदारांचं आता वय झालं. अन् हातही असा."

काकांनी झेंडा खाली उतरवला आणि गाठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीकडे पाहत होते. ते वळून अध्यक्षांना म्हणाले, "माझीच चूक झाली साहेब." दातांनी गाठ सोडली, झेंडा पुन्हा बांधला, चढवला, पुढाऱ्याच्या हातात दोरी दिली आणि घरी निघून गेले.

बालवाडी समितीच्या खोलीत भरायची, म्हणून नोकरीच्या भीतीनं गप्प बसले असं म्हणायला बरं वाटतं. पण खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीत झेंडा बांधायला दुसरा माणूस आला आणि काकांना बोलवायला कोणी गेलंच नाही. रिक्षा आणायला मात्र सगळे जात होते. काका मैदानावर पुन्हा कधी आले नाहीत.

सहा वर्षांनी ते गेले. शोकसभेत त्याच अध्यक्षांनी डोळे पुसत तो किस्सा सांगितला. म्हणे, किती साधा माणूस, भर सभेत चूक कबूल केली. लोकांनी माना हलवल्या. मला इतका संताप आला की खुर्ची उचलून फेकावी. त्यांच्यावर फेकावी की स्वतःवर, ते कळेना. तिथंही मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले माहीत आहे वं. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हणे, पोरगी घाबरली. येईल सांगाले. आली तर रागावू नको तिले."

काकूंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग दर सव्वीस जानेवारीले कोट घालून अंगणात बसत. मी म्हणो, मैदानावर जात नाही, तर कोट काहून घालता? तर म्हणत, आज येईल ती."

मैदानाची वाट त्यांच्या अंगणावरूनच होती. फुलांची टोपली घेऊन मी दर वर्षी तिथून गेले. मला पाहून ते खुर्चीतून अर्धवट उठायचे. मी मान खाली घालून पुढे जायचे.