धुण्याखालचा वीर

कपड्यांच्या साबणाचा वास आला की मी साठच्या दशकातल्या आमच्या बनशंकरीच्या घराच्या परसात पोचते. धुण्याचा दगड झिजून गुळगुळीत झालेला. गवंडी तो न्हाणीच्या पायासाठी फोडायला निघाला होता.

"आधी उलटा करून बघा! खालची बाजू खरखरीत असली तर मळ लवकर निघेल," मी म्हणाले.

"आळशी गं तू! स्वल्प जोर लाव की," माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, हसल्या.

दगड उलटला. चिखलावर बादली ओतली, तर तलवार उगारलेला वीर, मागे गाई, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा! गाई राखताना पडलेल्या कुणाचा तरी वीरगळ. आज वाटतं, बिचारा आमच्या परकरांखाली किती गप्प पडून होता!

गवंड्यानं हातोडा ठेवून हात जोडले. अक्का कुंपणावरून ओरडल्या, "या, बघा! आमच्या धाकटीनं शोधला!"

माझ्या आळसाला एवढा मान पुन्हा मिळाला नाही.