एकच पापुद्रा, दोनदा

रुक्मीताई बंडगर नमुन्यांना नंबर द्यायची नाही, नावं द्यायची. सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे नोंदवहीत एक, दोन, तीन असं लिहायचो आणि ही बाई त्यापुढे ‘लंगडी’, ‘कानफाटी’, ‘मुकी’ असं लिहून मोकळी व्हायची. मी रहिमतपूरचा, तिच्यामागून दोन वर्षांनी पीएच.डी.ला लागलेला. पहिल्याच दिवशी मला हसू आलं आणि ते तिनं पाहिलं. म्हणाली, ‘‘आमचा बा मेंढरं मोजत न्हाई, तोंडं बघतो. मोजून किती गेली ते कळतंय, कंचं गेलं ते न्हाई.’’

आमचं काम सांगायला सोपं होतं. चुंबकी गुण असलेला एक स्फटिक घ्यायचा, त्याला साधी चिकटपट्टी लावायची आणि सोलायचं. पुन्हा लावायची, पुन्हा सोलायचं. शेवटी काही अणूंच्या जाडीचा पापुद्रा उरतो, तो सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर उतरवायचा. इतका पातळ झाल्यावरही त्याचं चुंबकत्व टिकतं का, एवढाच प्रश्न. उत्तर मात्र पुण्यातल्या एका संस्थेच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालीच मिळायचं आणि तिथं आमची पाळी वर्षातून दोनदा यायची. हवा लागली की पापुद्रा खराब होतो, म्हणून रुक्मीताई हवाबंद डबी मांडीवर घेऊन एसटीनं जायची. एकदा कंडक्टरनं डबी वरच्या फळीवर ठेवायला सांगितली. साताऱ्यापर्यंत तिनं त्याच्याशी वाद घातला, पण डबी हलवली नाही.

बोलायची ती कवठे महांकाळकडचंच, विभागप्रमुखांसमोरही. एका सेमिनारनंतर कुणीतरी तिला जरा शुद्ध बोलण्याचा सल्ला दिला. ‘‘चुंबकाला कुठं शुद्ध मराठी लागतंय?’’ एवढं म्हणून ती चहाला निघून गेली. हा ताठा पुष्कळांना खुपायचा. मलाही सुरुवातीला खुपला, मग त्याचं कौतुक वाटायला लागलं, आणि पुढं त्याची भीती वाटावी अशी वेळ मीच माझ्यावर आणली.

झालं असं की एका खेपेला ती बहिणीच्या बाळंतपणासाठी गावी गेली आणि पुण्याला मी एकटाच गेलो. दोन चकत्या होत्या, दोन्हींवर एकेक पापुद्रा. पहिलीवर चुंबकत्व झकास दिसलं. दुसऱ्या दिवशी डबीतली चकती काढून बसवली, पुन्हा झकास दिसलं. मी आनंदानं नोंदवहीत ‘नमुना दोन’ असं लिहिलं. आमच्या दोघांचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी तर पेढे आणले. दोन वेगवेगळ्या पापुद्र्यांत तोच परिणाम म्हणजे मोठीच गोष्ट. महिन्याभरात शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला. त्यावर सरांचं, रुक्मीताईचं आणि माझं नाव होतं.

तिनं मसुदा हातात घेतला, त्यातली पापुद्र्यांची दोन चित्रं पाहिली, पान उलटं धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘सर, ही दोन न्हाईत. ही एकच लंगडी हाय, फिरवून ठेवलेली.’’

मला तेव्हाच उमगलं. पुण्यात दुसऱ्या दिवशी मी पहिलीच चकती फिरवून बसवली होती, दुसरी डबीतच राहिली होती. तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना घाई होती. कडा थोड्या वेगळ्या दिसतात, हा तुझा भास आहे, असं ते समजावत राहिले. छापलेल्या निबंधाशिवाय विभाग प्रबंध स्वीकारत नाही, याचीही त्यांनी आठवण करून दिली. तिचं चार वर्षांचं काम त्या एका कागदावर अडकलं होतं.

‘‘माजं नाव काढा,’’ ती म्हणाली. ‘‘मग काय धाडायचं ते धाडा.’’

निबंध गेला आणि छापूनही आला. त्यावर सरांचं आणि माझं नाव होतं. न राहवून मी तिला कँटीनमध्ये गाठलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. ती पोहे खात होती, हात थांबला नाही.

‘‘मला तवाच कळलं. वहीत अक्षर तुजं हाय.’’

मग सरांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

‘‘त्ये काम माजं न्हाई. तुजं हाय.’’

मी ते काम केलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. सरांनी तिला पुण्याच्या पाळीतून वगळलं, तर तिनं त्या संस्थेला स्वतः पत्रं लिहिली. कुणाची पाळी रद्द झाली की हिला फोन यायचा आणि ही डबी घेऊन मिळेल त्या गाडीनं निघायची. दीड वर्ष असं चाललं. ‘‘दिसलं त्ये लिवायचं, दिसलं न्हाई त्येबी लिवायचं,’’ हे ती त्या काळात इतक्यांदा म्हणाली की झाडलोट करणाऱ्या मावशींनाही पाठ झालं होतं. शेवटी एकटीच्या नावावर तिनं एक छोटा निबंध छापून आणला. मग सरांनी प्रबंधावर सही केली, नाखुशीनं का होईना.

तिच्या खुल्या मौखिक परीक्षेला सभागृह भरलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. तुमच्याच मार्गदर्शकांच्या छापील निबंधात दोन पापुद्र्यांत चुंबकत्व आहे, तुम्ही म्हणता त्यातल्या एकातच, मग खरं काय? सर पहिल्या रांगेत बसून कागद चाळत होते. रुक्मीताई म्हणाली, मी स्वतः पाहिलं तेवढ्याचंच उत्तर देईन. परीक्षकांना ते पुरेना. दुसरं चित्र कुणी काढलं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुढचं चित्र पडद्यावर लावायला वळली. माझं नाव घेतलं असतं तर ती त्याच क्षणी सुटली असती, आणि मी शेवटच्या रांगेत बसलो आहे हे तिला माहीत होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, ‘‘ते चित्र मी काढलं. तो एकच पापुद्रा आहे, चकती मी फिरवून बसवली होती. छापलेला निबंध चुकीचा आहे.’’

सरांनी मागं वळून पाहिलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. रुक्मीताईनं ना आभार मानले, ना राग काढला. पडद्याकडं तोंड करून ती म्हणाली, ‘‘लय उशीर केलास. बस आता खाली, माजं अजून सात नमुनं दाखवायचं हायेत.’’

मी बसलो. तिनं सातही दाखवले. पाचांत काहीच दिसलं नव्हतं, आणि त्या पाचांवर ती सगळ्यात जास्त वेळ बोलली.