उरलेला साग

ते प्रकरण आठवले की तपशिलांआधी वास येतो. नुकत्याच कापलेल्या सागाचा, नव्या चामड्यासारखा, किंचित तुरट.

मी तेव्हा केज तालुक्यातील एका ठाण्याची प्रभारी होते. नांदूरघाटच्या बाजूचे एक वृद्ध शेतकरी नारायणगडाच्या सप्ताहाहून परतले आणि कपाळाचा बुक्का न पुसताच ठाण्यात आले. "माझा साग नेला मॅडम. निम्मी राई कापली." दुष्काळात डोक्यावरून घागरी वाहून त्यांनी ती रोपे जगवली होती. पुण्यातल्या मुलाला कळवले का, असे विचारले, तर म्हणाले, "त्याच्या जिवाला घोर कशाला?" संशयित मात्र त्यांनी लगेच सांगितला : बांधावरून अबोला धरलेला शेजारी. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली, पंचनामा झाला.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरच्या फळविक्रेत्याने खबर दिली. "त्याच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लाकडं घेऊन गेला, मॅडम. भर दुपारी, सोता चालवत होता. माझ्याकडून पपई घेतली, लई घासाघीस केली, मग गेला."

शेजाऱ्याला चौकशीस बोलावले.

"ट्रॅक्टर तुमचाच?"

"माझाच हाय."

"लाकूड कोणासाठी नेलं?"

"ते न्हाई सांगता येणार."

"अटक होईल."

"करायची तर रविवारनंतर करा."

खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा दोन शब्दांत थांबत होता. पण पुरावा त्याच्याविरुद्ध होता. त्याच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. ठाण्याची वार्ता पसरताच पाहुण्यांनी येणे लांबणीवर टाकले. अटक झाली असती तर ते आलेच नसते. म्हणून अटकेचे कागद करण्याआधी मी पुन्हा राईत गेले.

पंचनाम्यात आम्ही कापलेले बुंधे पाहिले होते. आता उभी झाडे पाहिली. वाकडी, किडकी, दबलेली तेवढी गेली होती. सरळ, उंच झाडे जागेवर होती. त्यांच्या खालच्या फांद्या खोडालगत छाटून प्रत्येक जखमेवर चुना-मोरचुदाचा निळसर लेप दिला होता. बोट लावले तर त्याची भुकटी बोटावर आली. मागे उरलेल्या झाडांना कोणता चोर औषध लावतो?

वन विभागात विचारणा केली. तोडीची रीतसर परवानगी निघाली, म्हाताऱ्यांच्या पुण्यातल्या मुलाच्या नावे. सातबाराही त्याच्याच नावावर. खासगी झाडांचे शास्त्रीय व्यवस्थापन करणाऱ्या एका संस्थेला त्याने विरळणीचे काम दिले होते. वडील नकार देतील, म्हणून त्याने सप्ताहाचे दिवस निवडले.

मुलगा आणि संस्थेची वनतज्ज्ञ ठाण्यात आले. ती म्हणाली, "बाबा, दाट झाडं एकमेकांचा उजेड अडवतात. वाकडी काढली की सरळ झाडं जोमानं भरतात."

"पाणी घालताना सरळ-वाकडं बघितलं न्हवतं म्या."

तिने मान खाली घातली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

म्हातारे शेजाऱ्याकडे वळले. "अन तू कावून गप बसलास रं?"

"रविवारी येऊन मीच बापाला सांगतो, तवर बोलू नका, असा शब्द तुझ्या पोरानं घेतलता. भांडण तुझं-माझं हाय, पोराशी न्हाई. अन तू मला इचारलं का? बांध वलांडला न्हाईस, पर ठाण्यापतुर आलास."

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

गैरसमजातून फिर्याद झाल्याचा 'क' समरी अहवाल मी न्यायालयाकडे पाठवला. काय गेले हे फिर्यादी सांगतोच. काय राहिले, ते तपास करणाऱ्याने स्वतः जाऊन पाहायचे असते. पुढच्या सर्व सेवेत मी ते पाहत राहिले. पण शेजाऱ्याच्या नावावर आलेला डाग कोणताही अहवाल पुसू शकत नव्हता. पाहुण्यांना समजावण्यासाठी मी हवालदार सोबत देऊ केला.

"नगं मॅडम," शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढत म्हातारे म्हणाले, "पोलीस बघून पाहुणे आणखी बिथरतील. नाव म्या घेतलतं, म्याच पुसून येतो."