गाड्यांत डोकावणारा माणूस

मीरा रोडच्या बाजारामागे माझं शिलाईचं दुकान आहे. मे महिन्यात भर दुपारी एक माणूस समोरच्या पार्किंगमध्ये यायचा आणि काचेला हात लावून एकेका गाडीत डोकावायचा. हा चोरच असणार, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी वॉचमनला घेऊन मी त्याला अडवलं.

"काय शोधताय?"

"आत कुत्रं राहिलंय का बघतोय, ताई. मागच्या उन्हाळ्यात माझी कुत्री अशीच बंद गाडीत गुदमरून गेली. पाच मिनिटांत येतो म्हणून तिला ठेवून गेलो होतो."

"ये सब बहाना है," म्हणत वॉचमनने त्याला बाहेर काढलं. मला त्याचं बोलणं पटलं होतं, तरी मी मध्ये पडले नाही. तो गेटबाहेर उन्हात उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीत वाकून बघत होता.