डॉक्टरीणबाईंची पिल्लं

आमच्या सेक्टरातल्या डॉक्टरीणबाई दारात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायच्या आधी 'जीभ दाखवा' म्हणत. त्या डॉक्टर नव्हत्या, डॉक्टरची बायकोही नव्हत्या. यजमान केंद्र सरकारच्या एका कचेरीत हेडक्लार्क, आणि त्या स्वतः मिरजेकडच्या, मराठी सातवी. पण बदलीवर चंदीगडला येऊन पडलेली झाडून सारी मराठी बिऱ्हाडं आधी त्यांच्याकडे जात आणि मगच दवाखान्यात. एकदा आमच्या ह्यांच्या साहेबांनाही त्यांनी फाटकातच जीभ काढायला लावली होती. साहेबांनी ती निमूटपणे काढली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

निदान मात्र त्यांच्याकडे एकच असे. थंडी. पोट बिघडलं, थंडी शिरली. कान ठणकला, थंडी शिरली. 'हा मुलूख दिसतो सरळ, पण याची थंडी फार लबाड आहे, नलू,' असं त्या मला सांगत. औषधही एकच, शेगडी आणि धुरी. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणीची सालं, सगळं निखाऱ्यावर टाकायचं आणि खोली बंद करून घ्यायची. मी नवी नवरी होते, माहेर दूर होतं, आणि त्या धुराला माझ्या आजोळचा वास यायचा. म्हणून मी त्यांच्याकडे नसलेली सर्दी घेऊनसुद्धा जात असे.

थंडीवर त्यांचा एवढा राग का, ते त्यांनीच एकदा वाटाणे सोलता सोलता सांगितलं. चंदीगडच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांची तीन महिन्यांची मुलगी गेली होती. 'रात्री दूध प्यायली, सकाळी उठलीच नाही. गाल असे गुलाबी होते गं, मला वाटलं झोपलीच आहे. माझंही डोकं त्या दिवशी इतकं फुटत होतं, की धड रडताही येईना. खोली बंद होती, शेगडी होती, तरी थंडीनं गाठलंच तिला. माझी ऊब कमी पडली.' पुढे त्यांना मूल झालं नाही. एवढं सांगून त्यांनी सोललेले वाटाणे माझ्या पदरात टाकले आणि उसळीला कांदा जास्त घाल म्हणाल्या.

पाकिस्तानशी झालेली लढाई संपल्याला तेव्हा वर्ष झालं असेल. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद अजून कुणी काढले नव्हते. त्या जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली आणि जाहीर केलं, 'तुझ्यात रक्तच नाही. रोज एक ताजं अंडं पोटात गेलं पाहिजे. बाजारातली नकोत, घरची हवीत.' आठवड्याभरात सरकारी पोल्ट्रीतून पंचवीस पिल्लं आली. बदलीच्या सामानाचं एक मोठं खोकं होतं, त्यावर त्यांच्या तीन गावांचे पत्ते रंगवलेले होते. तेच खुराडं झालं. ते त्यांच्या कोठीच्या खोलीत ठेवलं, वरून गोधडी घातली, रात्री शेजारी शेगडी, आणि डॉक्टरीणबाई बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तशा पावलं न वाजवता वावरू लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तीन पिल्लं मेलेली निघाली. त्यापुढे दोन, मग एकदम चार. आम्ही चक्रावून गेलो. मांजराचं काम म्हणावं तर एकाला ओरखडा नाही. मी म्हटलं दाण्यात काही असेल. दाणा बदलला. त्या म्हणाल्या नळाच्या पाण्यात औषध असतं. पाणी उकळून गार करून देऊ लागलो. शेजारच्या सरदारणीची दृष्ट लागली असेल असंही एकदा माझ्या तोंडून गेलं, आणि लगेच लाज वाटली, कारण त्या बाईनंच आम्हाला खोक्यात भाताचं तूस पसरायला शिकवलं होतं. मरणारी पिल्लंही आजारी नसत. आदल्या संध्याकाळी जी टणाटण उड्या मारायची, नेमकी तीच सकाळी पाय ताणून पडलेली असत.

एवढं मात्र दिसत होतं, की ज्या रात्री कडाका जास्त, त्या रात्री मरणारी पिल्लंही जास्त. डॉक्टरीणबाईंना दुसरा पुरावा नको होता. त्यांनी शेगडीत कोळसे वाढवले, धुरी दुप्पट केली, दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही दूरच्या सेक्टरात गेलो, परतायला उशीर झाला आणि त्या दिवशी शेगडी पेटवायची राहूनच गेली. सकाळी त्या दार उघडायलाच तयार होईनात. मीच उघडलं. एकही पिल्लू मेलं नव्हतं. मला काहीच उमजेना. त्या म्हणाल्या, 'देवानं राखली. पण देवावर रोज भार टाकायचा नसतो.' त्या संध्याकाळी शेगडी पुन्हा पेटली आणि दुसऱ्या सकाळी पाच गेली.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. खोक्याशी बसून एकेक मेलेलं पिल्लू तळहातावर घेत होत्या, त्याच्या पोटाला बोट लावून पाहत होत्या. 'माझ्या हाताखाली काही जगतच नाही का गं, नलू?' असं त्यांनी मला अगदी साध्या आवाजात विचारलं. माझ्या अंड्यांचा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. उरलेली अकरा जगली नसती, तर त्या बाई काही पुन्हा उभ्या राहत नव्हत्या.

मी एक मेलेलं पिल्लू डालड्याच्या डब्यात घातलं आणि त्यांना न सांगता रिक्षा करून गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या उंच पगडीवाल्या डॉक्टरांनी पिल्लू चिरलं, क्षणभर पाहिलं आणि विचारलं, 'अंदर अंगीठी जलाते हो जी?' मी म्हटलं हो, शेगडी असते. 'दरवाज़ा बंद?' बंद. 'खिड़की?' तीही बंद, वर काळा कागद. 'लो जी, फेर होर की!' म्हणजे मग दुसरं काय होणार, असं ते म्हणाले. 'बीमारी कोई नहीं। कोयले की गैस चढ़ी है। देखो, खून कैसा गुलाबी हो गया। हर सर्दी में बंदे सोए रह जाते हैं, ये तो चूज़े हैं। बत्ती लटकाओ, ऊपर से खुला रखो।'

मला आधी हायसं वाटलं, अगदी हसूच आलं. आणि मग तो गुलाबी शब्द डोक्यात गेला. ते गाल. फुटणारं डोकं. बंद खोली, शेगडी. मी रिकामा डबा मांडीवर धरून दवाखान्याच्या बाकावर किती वेळ बसले ते आठवत नाही. पिल्लं कशानं मरतात हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं, म्हणजे मुलगी कशानं गेली तेही सांगायचं. नाही सांगायचं, तर अकराही मरणार.

मी खोटं बोलले. त्या खोक्याच्या लाकडातच कसलासा रोग आहे, म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी पिल्लं काही दिवस दुसऱ्या घरात हलवायला सांगितलीत, असं म्हणाले. अकरा पिल्लं माझ्या व्हरांड्यात आली. वरून उघडी पाटी, त्यावर टांगलेला साठचा दिवा, बस्स. डॉक्टरीणबाई रोज येत. 'वारं लागतंय बघ त्यांना,' म्हणून कुरकुरत, पण त्यांच्यावर गोधडी काही घातली नाही. पहिल्या दिवशी अकरा होती, दहाव्या दिवशीही अकरा. एकदा त्यांनी विचारलं, 'डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं गं?' मी म्हटलं, 'लाकडातला रोग.' त्या बराच वेळ दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

उन्हाळा सरता सरता कोंबड्या अंडी देऊ लागल्या आणि मी ती इमानानं खाल्ली. डिसेंबरात मला मुलगी झाली. आईला येता येणार नव्हतं, बाळाला न्हाऊमाखू डॉक्टरीणबाईच घालणार, हे त्यांनी मला दिवस गेले तेव्हाच ठरवून टाकलं होतं. खरं काय ते मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणत, 'सांगून टाक एकदाचं.' मी रोज वाक्यं जुळवत होते आणि रोज गिळत होते.

दवाखान्यातून घरी आले त्या सकाळी त्या शेगडी घेऊन आल्या. मी बाळाला छातीशी धरलं. आता बोलायलाच हवं होतं. त्यांनी शेगडी आत आणली नाही. मागच्या अंगणात पेटवली, निखारे लालभडक होऊन वर राख धरेपर्यंत गारठ्यात तिथंच उकिडव्या बसून राहिल्या. मग आत येऊन आधी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. धुकं आत आलं. बाळाला चिमूटभर ओव्याची धुरी दिली, दोन मिनिटं शेकलं आणि शेगडी स्वतः बाहेर नेऊन तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मी खिडकी लावायला उठू लागले.

'राहू दे उघडी,' त्या म्हणाल्या. 'हवं तर आणखी एक दुपटं घाल. पण खिडकी लावायची नाही. कधीच नाही.'

त्या टोपड्याचे बंद बांधत होत्या. मान वर केली नाही. त्यांना कधी कळलं, कुणी सांगितलं, की त्या अकरा पिल्लांकडे बघत उभं राहूनच त्यांनी ते शोधून काढलं, मला आजही माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. ट्रक भरेपर्यंत माझी मुलगी त्यांच्या मांडीवर होती, आणि तेव्हाही आम्ही दोघी लोणच्याच्या बरण्या कशा बांधायच्या, तेवढंच बोललो.

मी बरोबर वागले की चूक, याचा मला अजून उलगडा होत नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की एका आईला मी एका भयंकर गोष्टीपासून वाचवलं. वाचवलं कसलं! ती गोष्ट त्यांना कळलीच. फक्त मी गप्प राहिले म्हणून त्यांनाही गप्प राहावं लागलं. ज्या बाईनं माझी नसलेली सर्दीसुद्धा ऐकून घेतली, तिला तिच्या लेकीसाठी दुसऱ्यांदा रडायचं होतं, आणि ते ती एकटीच कुठंतरी रडली.