चाचांची कुंडी

चाचांचा इलाज चुकला नव्हता. तो चुकला असे मी सर्वांना वाटू दिले, आणि नऊ वर्षे तसेच राहू दिले.

चाचा खाडीपलीकडच्या दिघीचे. तरुणपणी रंगूनला एका व्यापाऱ्याच्या बागेतले मासे त्यांनी सांभाळले होते. आगरदांड्याला मी ज्यांच्याकडे कारकून होतो, त्या रावसाहेबांनी मुंबईहून सोनेरी मासे आणून ओसरीवर काचेच्या पेटीत ठेवले होते. मासा दुखणाईत झाला की होडीवाल्याबरोबर चाचांना निरोप जाई. आल्यावर ते माशांकडे पाहतच नसत. पेटीत बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावत आणि डोळे मिटून बसत. "आधी पान्याला इचारायचं, भाऊ," ते मला म्हणत. "मासा मागाहून सांगतो."

एकदा सगळे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. घरादाराने उष्णतेचे निदान केले होते. चाचांनी पाणी चाखले, तळाची वाळू उकरली, तर खालून कुजका भात निघाला.

"रावसाहेब, यांना जेवाया कोन घालतो?"

रावसाहेबांनी हातातली भाताची वाटी पाठीमागे नेली.

"मासा उपासानं मरत नाय, लाडानं मरतो. चार दिवस यांना रोजे धरू द्या."

"आणि मी काय करू?"

"तुमी हात खिशात ठेवा."

चार दिवसांत मासे पूर्ववत झाले. त्या दिवसापासून रावसाहेब चाचांना ओसरीवर खुर्ची देऊ लागले. दिघीला परतताना चाचा त्या खुर्चीविषयी होडीवाल्याला सांगत, आणि दरवेळी ती थोडी उंच होई.

पुढे माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे उठले. या वेळी चाचा येताना मांडीवर एक जुनी मातीची कुंडी घेऊन आले. कळशीभर पाण्याला किती मीठ, हे त्यांनी स्वतःची मूठ उघडून दाखवले. मासे तीन दिवस कुंडीतल्या खाऱ्या पाण्यात ठेवायचे, रोज निम्मे पाणी बदलायचे. "धातूचं भांडं घेऊ नका, भाऊ. खारात तांबं इख सोडतं."

ते गेल्यावर मी त्या कुंडीपुढे उभा राहिलो. मातीचे भांडे, वर्षानुवर्षे चाचांच्या घरात मुरलेले. त्याला आमच्या पाण्याची कळशी लावणे माझ्या जिवावर आले. कोणी मनाई केली नव्हती; रावसाहेबांना असल्या गोष्टींचे काही वाटत नसे. तो विटाळ माझ्या एकट्याच्या मनात होता. तांब्याइतके शुद्ध भांडे नाही, त्यातले पाणी आम्ही रोज पितो, मग माशांना काय होणार? मी तांब्याचे घंगाळ चिंचेने लख्ख घासले, चाचांच्या मापाने त्यात खारे पाणी केले आणि मासे सोडले.

सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते.

मी घंगाळ धुऊन जागेवर ठेवले. मग कुंडीत मीठ विरघळवून ते पाणी आतून फिरवले आणि मेलेले मासे तिच्यात मांडले. आजही माझे मन त्या तांब्यापाशी अडत नाही. या मांडण्यापाशी अडते. पहिला मूर्खपणा होता. दुसरे मी समजून केले.

रावसाहेबांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, "चाचांनी सांगितले तेवढेच मीठ घातले होते." शब्दन् शब्द खरा होता.

चाचा आले. त्यांनी कुंडीला बोट लावून जिभेला लावले. खारटच होते. मग बराच वेळ ते आपली मूठ उघडून मिटून पाहत राहिले. "मग माझीच मूठ चुकली," ते म्हणाले. त्या दिवशी खुर्ची आत ठेवलेली होती. कुंडी उचलून ते धक्क्याकडे गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाच्याही माशाला हात लावला नाही, हे मला होडीवाल्याकडून कळत राही.

नऊ वर्षांनी मी दिघीला गेलो. चाचा अंगणात जाळ्याची गाठ मारीत होते. डोळे अधू झाले होते, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले, चटई पुढे सरकवली आणि आपण होऊनच म्हणाले, "भाऊ, रंगूनला शेकडो मासे बरे केले या मुठीनं. तुमच्याकडंच कशी चुकली, ते अजून ध्यानात येत नाय."

शेजारच्या अंगणात माणसे बसली होती. त्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात मी म्हणालो, "चाचा, मूठ चुकली नव्हती. तुमच्या कुंडीचा मी विटाळ मानला आणि मासे तांब्याच्या घंगाळात मारले. मेल्यावर ते तुमच्या कुंडीत ठेवले. मी खोटे वागलो. मला माफ करा."